पुस्तक वाचून झालं, आता त्याच्यावर बोलायचं कसं? पहिल्यांदाच मत मांडणाऱ्यांसाठी

आपल्याकडं मराठवाड्यात वाचणारे कमी आहेत असं म्हणतात ते मला पटत नाही. परभणी, सेलू, अंबाजोगाई, उदगीर, कुठंही संध्याकाळी वाचनालयात जाऊन बघा, पुस्तक बदलायला माणसं येतातच, एमपीएससीची तयारी करणारी पोरं पण मधूनच एखादी कादंबरी उचलून नेतात. कमी आहेत ते वाचलेल्यावर बोलणारे. बोला म्हटलं की "छान आहे, सगळ्यांनी एकदा तरी वाचावं" एवढं म्हणून गप्प बसतात, नाहीतर मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळी गोष्टच सांगून टाकतात. दोन्हीतून त्या माणसाला स्वतःला काय वाटलं ते कळतच नाही. आणि मग होतं काय, की आपल्याच मातीतल्या पुस्तकांबद्दल सुद्धा पुण्या-मुंबईत कोण काय म्हणालं तेच आपण एकमेकांना सांगत बसतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हे लिहायलोय.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो: मत तुमचं, भाषा तुमची, पण पुरावा पुस्तकातल्या पानावरचा. हे जमलं की तुम्ही मराठीचे प्राध्यापक असा नाहीतर किराणा दुकान चालवणारे असा, काही फरक पडत नाही.

१. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून

नुकतंच वाचून संपवलेलं पुस्तक घ्या. शाळेत असताना वाचलेलं, लई आवडलेलं, पण आता धूसर झालेलं घेऊ नका, कारण त्याच्यावर बोलताना आपण पुस्तकावर न बोलता आपल्या आठवणीवर बोलतो. सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी पहिल्याच वेळी नको, दीडदोनशे पानांचं काहीतरी बरं. कथासंग्रह असेल तर अख्ख्या संग्रहावर बोलायची गरज नाही, एका कथेवर बोला.

पुस्तक विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं तालुक्याला, मोठ्या गावांत असतात, थोडं डिपॉझिट आणि वर्गणी भरली की झालं. विकत घ्यायचं असेल तर संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एक चक्कर मारा, किंवा साहित्य संमेलन आपल्या भागात आलं की तिथल्या स्टॉलवर जा. २०२० ला धाराशिवला आणि २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय संमेलन झालं. भाषणं ऐकून झाली की पुस्तकांच्या स्टॉलवर निवांत उभं राहून दहा-दहा पानं चाळायची आणि मग ठरवायचं, ही सवय लावून घ्या.

२. वाचतानाच खुणा करा

हे जे करत नाहीत त्यांनाच नंतर काय बोलावं ते सुचत नाही. स्वतःचं पुस्तक असेल तर पेन्सिल, वाचनालयाचं असेल तर त्याच्यात एक रेघ पण ओढायची नाही, कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर पान नंबर आणि दोन-तीन शब्द लिहायचे. उदा. "पान ४३, सासूचं बोलणं एकदम खरं", "पान ८०, इथं कंटाळा आला", "पान ११२, हे आधी वेगळं सांगितलं होतं". कंटाळा आला ते सुद्धा लिहायचं, ते लोक विसरतात. कंटाळा कुठं सुरू झाला हे सांगता आलं तर तेच अर्धं मत असतं.

पहिली दोन-चार पानं उलटून पुढं जाऊ नका, ती वाचा. पहिली आवृत्ती कधीची, हे पुनर्मुद्रण आहे का, अनुवाद असेल तर अनुवादक कोण, मूळ भाषा कोणती. आज हातात घेतलेलं कोरं करकरीत पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं असू शकतं, आणि ते माहीत नसलं की माणूस "लेखकानं मोबाईलचा उल्लेखच केला नाही" असलं काहीतरी बोलून जातो.

३. दोन दिवस जाऊ द्या

संपल्या संपल्या लिहायला बसू नका. शेवट रडवणारा असला की सगळं पुस्तकच थोर वाटतं, शेवट फसला की सगळंच वाया गेलं असं वाटतं. दोन दिवसांनी पुस्तक न उघडता घरातल्या कोणालातरी सांगून बघा, आईला, बायकोला, रूममेटला, आणि सांगताना तुम्ही कुठं रमता ते बघा. जिथं आपोआप दोन वाक्यं जास्त बोललात तीच तुमच्या मताची जागा. समोरचा मध्येच विचारतो "मग ते तसं का वागलं?" आणि तुमच्याकडं उत्तर नसतं, ती पण एक जागा. आता चिठ्ठ्या काढा आणि तेवढीच पानं परत वाचा.

४. कथा-कादंबरी असेल तर

आधी थोडक्यात ओळख. गोष्ट किती सांगायची, तर साधारण पहिल्या पाव भागाएवढी. कोण माणसं, कुठं, कशात सापडलीत, बस. पुढचं काय होतं ते ऐकणाऱ्यानं स्वतः वाचायचं आहे. शेवटावर बोलल्याशिवाय तुमचा मुद्दाच पुरा होत नसेल तर आधी सांगा, "आता शेवट सांगायलोय, ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचं ऐकू नका."

मग स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा की ही गोष्ट सांगतंय कोण. नवीन वाचक हे बघतच नाहीत, आणि इथंच सगळ्यात जास्त सापडतं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घ्या, १९७१ ची. एका शिंप्याच्या घराची वाताहत आहे, पण सांगते त्याची बायको, तिच्या स्वतःच्या बोलीत. आता हीच गोष्ट तिसऱ्या कोणी शुद्ध पुस्तकी भाषेत सांगितली असती तर काय झालं असतं, याचा नुसता विचार करा. तिला जेवढं दिसतं, जेवढं कळतं, तेवढंच आपल्याला कळतं, गावातल्या मोठ्या लोकांचं राजकारण आपण तिच्या उंबऱ्यातून बघतो, आणि म्हणून तिची घालमेल आपल्याला जास्त लागते. असं काहीतरी सांगता आलं तर "भाषा अस्सल ग्रामीण आहे" या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याची गरजच राहत नाही.

दुसरं उदाहरण भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. बऱ्याच जणांनी ही कथा शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. टमाट्याला भाव मिळत नाही आणि बाजारात शेतकरी बाप स्वतःचाच माल पायाखाली तुडवतो. ही कथा "शेतकऱ्यांच्या दुःखावर भाष्य करते" असं म्हणून सोडून देऊ नका, ते तर कोणत्याही शेतकऱ्यावरच्या कथेला लागू पडतं. हे सगळं पोराच्या नजरेतून दिसतं, म्हणून बापाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला थेट कळत नाही, फक्त त्याचं वागणं दिसतं आणि त्यानंच पोटात गोळा येतो, असं म्हटलं की ते फक्त या एकाच कथेबद्दलचं बोलणं झालं. मत द्यायच्या आधी ही परीक्षा कायम घ्या: पुस्तकाचं नाव झाकलं तर हे वाक्य दुसऱ्या पन्नास पुस्तकांना चिकटेल का? चिकटत असेल तर खोडा.

आता एक आपल्या भागातली अडचण. दुष्काळ, ऊसतोड, सालगडी, बाजार समिती, सोयाबीनचा भाव, हे सगळं आपण रोज बघतो, त्यामुळं पुस्तकात काही वेगळं दिसलं की आपण लगेच म्हणतो "असं नसतं आमच्याकडं". हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, उलट ही तुमची ताकद आहे, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायकोची जोडी साखर कारखान्याला कशी जाते हे बीड-धारूरच्या माणसाला जेवढं माहीत असतं तेवढं बाहेरच्या समीक्षकाला नसतं. पण बोलताना नेमकं बोला. "ऊसतोडीचं वर्णन खोटं आहे" असं नाही, "उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात काय होतं ते या कादंबरीत कुठंच येत नाही, आणि त्यामुळं नायक गाव का सोडत नाही ते मला पटलं नाही" असं. बघा, इथं माहितीतली चूक दाखवून तुम्ही थांबला नाहीत, त्या चुकीनं गोष्टीचं काय नुकसान झालं ते सांगितलं. कादंबरीत हेच महत्त्वाचं. काही तपशील चुकले तरी माणूस खरा वाटू शकतो, आणि सगळे तपशील बरोबर असून माणूस पुठ्ठ्याचा वाटू शकतो.

ऐतिहासिक कादंबरीला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं, इतिहास म्हणून आणि कादंबरी म्हणून. हे कसं करतात ते शिकायचं असेल तर 'श्रीमान योगी'ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे ती वाचा. कादंबरी नाही वाचली तरी चालेल, प्रस्तावना वाचा. विद्वान माणूस, पण समोर बसून बोलल्यासारखं लिहितो आणि प्रश्न विचारायला घाबरत नाही.

अजून एक, "आवडलं नाही" आणि "पटलं नाही" हे वेगळं ठेवा. एखादं पात्र नीच आहे म्हणून पुस्तक आवडलं नाही असं होतं, पण ते पात्र जर इतकं जिवंत असेल की तुम्हाला राग आला, तर लेखकाचं काम झालंच ना.

५. माहितीपर, वैचारिक, इतिहास, आत्मकथन असेल तर

इथं वेगळ्या पद्धतीनं जावं लागतं. आधी एका वाक्यात लिहा की लेखकाचं म्हणणं काय आहे. विषय वेगळा आणि म्हणणं वेगळं. "हे पुस्तक मराठवाड्याच्या पाण्यावर आहे" हा विषय झाला. "पाऊस कमी पडतो यापेक्षा पडलेलं पाणी कोणत्या पिकाला दिलं जातं हा खरा प्रश्न आहे" हे म्हणणं झालं. असं वाक्य लिहिता येत नसेल तर प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण परत वाचा, तरीही सापडलं नाही तर तेच तुमचं मत, की तीनशे पानांत लेखकाला काय सांगायचंय ते मला सापडलं नाही.

मग पुरावा बघा. शेवटी संदर्भसूची आहे का, आकडा दिलाय तर कुठून घेतला, जनगणना, गॅझेटियर, सरकारी अहवाल, मुलाखत, का नुसतं "असे म्हणतात". सगळे संदर्भ कोणी तपासत नाही, पण दोन-तीन तरी तपासा. आपल्या भागाच्या इतिहासासाठी मी एक सोपी परीक्षा वापरतो, जिल्ह्यांची. १९४८ ला हैदराबाद संस्थानात मराठी जिल्हे पाच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना जिल्हा १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली १९९९ ला परभणीतून. आता एखाद्या पुस्तकात "१९४८ साली लातूर जिल्ह्यात" असं लिहिलेलं दिसलं तर लेखक बहुतेक आजचा नकाशा डोक्यात ठेवून लिहायलाय, आणि त्याचे बाकीचे आकडे पण जपून घ्यावे लागतील. तसंच जुन्या पुस्तकात औरंगाबाद-उस्मानाबाद लिहिलंय म्हणून ती चूक धरू नका, ते त्या काळाचं नाव आहे.

लिहिणारा त्या घटनेत स्वतः होता का हे पण बघा. अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' वाचताना हे कायम लक्षात राहतं, कारण भालेराव त्या लढ्यातलेच कार्यकर्ते, नंतर 'मराठवाडा' या दैनिकाचे संपादक. आत असलेल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरून अभ्यास करणाऱ्याला दिसत नाही, आणि आत असल्यामुळंच काही गोष्टींकडं बघायची त्याची बाजू ठरलेली असते. दोन्ही सांगायचं. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या दिवसाबद्दल, तर एका पुस्तकावर थांबूच नका. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार एका पुस्तकात सविस्तर मिळतील, पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय सैन्याच्या कारवाईच्या वेळी आणि नंतर झालेली हिंसा दुसऱ्या पुस्तकात मिळेल, जिची चौकशी करायला केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती आणि जिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. ज्या पुस्तकात यातली एकच बाजू आहे त्याच्याबद्दल बोलताना काय आहे ते सांगा आणि काय नाही ते पण सांगा. असं सांगणं म्हणजे कोणाची बाजू घेणं नाही, वाचक म्हणून ते आपलं काम आहे.

आत्मकथनाला मात्र संदर्भसूची मागू नका. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, लातूरकडचा माणूस, ज्या समाजावर इंग्रजांच्या काळात जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला गेला त्यातला. असलं पुस्तक वाचून "फारच दाहक वास्तव" म्हणणं मला तरी अपुरं वाटतं, खरं सांगायचं तर वाचणाऱ्यानं स्वतःला लांब ठेवायची ती पद्धत आहे. त्यापेक्षा हे विचारा की यातली माणसं माझ्या गावात कुठं राहत होती, आणि मला हे पुस्तक वाचेपर्यंत त्यातलं काय माहीत नव्हतं. हे लिहिणं जड जातं, पण असं मत ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं.

यशस्वी व्हायची, पैसे वाचवायची, सवयी बदलायची पुस्तकं पण लोक भरपूर वाचतात, त्याच्यावर मत द्यायचं तर त्यातली एखादी गोष्ट करून बघा आणि काय झालं ते सांगा. बाकी सांगण्यासारखं त्यात फार नसतं.

६. भाषा

पोरं-पोरी मला म्हणतात की आम्हाला चांगलं मराठी येत नाही. येतं. "वाचायलाव", "करू लागले", "लई", "कामून" हे पण मराठीच आहे, आणि ज्या बोलीत अख्खी कादंबरी उभी राहते त्या बोलीत कादंबरीवरचं मत पण उभं राहतं. बोर झालं, टेन्शन आलं, सीन डोळ्यासमोर राहिला, लिहा बिनधास्त. टाळायचे ते न कळता वापरलेले जड शब्द. "आशयघन", "हृदयस्पर्शी", "वास्तववादी चित्रण", हे शब्द मनात आले की थांबा आणि त्या जागी पुस्तकातला एक प्रसंग सांगा.

टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या कीबोर्डवर माईकचं बटण दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो. चुका होतात, पात्रांची नावं तर हमखास चुकतात, म्हणून एकदा मोठ्यानं वाचून दुरुस्त करा. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि पान नंबर यात मात्र चूक नको. पहिल्यांदा तीनशे-चारशे शब्द पुरे, तोंडी बोलणार असाल तर पाच मिनिटं.

पुस्तकातल्या चार ओळी मुद्द्यासाठी दिल्या तर हरकत नाही, समीक्षेसाठी थोडा उतारा घ्यायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. पानंच्या पानं फोटो काढून पाठवू नका, आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ तर नाहीच. मराठी पुस्तकाची आवृत्ती केवढीशी असते, त्यात ती खपली नाही तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक कोण छापणार.

७. वाईट सांगायची वेळ आली तर

हा भाग आपल्याकडं सगळ्यात अवघड, कारण लेखक आपल्याच जिल्ह्यातला असतो, लग्नात भेटतो, कोणाचा तरी सर असतो नाहीतर मामा असतो. म्हणून लोक एकतर खोटं कौतुक करतात नाहीतर मागं बोलतात. मला वाटतं लेखकाला या दोन्हीचा काही उपयोग नाही. "सरांची पहिली चार प्रकरणं मी एका बैठकीत वाचली, पाचव्यापासून सगळी पात्रं एकसारखी बोलायला लागली, पान ९६ आणि पान १३० वरचे संवाद कोणाचे आहेत ते नाव काढलं तर ओळखू येत नाहीत," असं म्हटलं तर रागवायला जागाच कमी राहते, कारण तुम्ही माणसावर बोलला नाहीत. आणि जे चांगलं आहे ते पण तेवढंच नेमकं सांगा.

आडनाव बघून मत बनवू नका. हे कोणी उघड बोलत नाही, पण होतं. लेखक कोणत्या जातीचा ते कळलं की काही जणांना पुस्तक आधीच आवडलेलं असतं आणि काही जणांना आधीच आवडलेलं नसतं. स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारा, हेच पान दुसऱ्या आडनावाच्या माणसानं लिहिलं असतं तर मी हेच म्हणालो असतो का. आणि पुरस्काराचं पण तसंच, अकादमी मिळाली म्हणून पुस्तक आवडलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी मिळाला, त्यातल्या सगळ्याच कथा तुम्हाला सारख्या आवडणार नाहीत. कोणती जास्त धरून ठेवते आणि का, तेवढं सांगितलं तरी चार माणसं ते पुस्तक हातात घेतील.

८. दुसऱ्याचं मत वेगळं निघालं की

निघणारच. तुम्ही ज्या पात्राला शिव्या घातल्या तेच पात्र कोणाला तरी आपल्या बापासारखं वाटलेलं असतं. तिथं वाद घालायच्या आधी एकच विचारा, "कोणत्या पानावरून असं वाटलं?" समोरच्यानं पान सांगितलं तर ते उघडून दोघांनी वाचा, मोठ्यानं. बऱ्याचदा असं होतं की ती ओळ आपण वाचताना घाईत सोडून दिलेली असते. मत बदललं तर बदललं म्हणा, नाही बदललं तर का नाही ते सांगा. ज्येष्ठ माणसांसमोर बोलायला नवीन लोक बिचकतात, "तुम्ही म्हणता ते ऐकलं काका, पण मला पान अमुक वाचून वेगळं वाटलं" एवढं म्हणायला काही हरकत नसते, मान ठेवून बोललं की कोणी वाईट मानत नाही.

एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक पुस्तकामागं एक पान त्यात लिहा, तारखेसकट. आणि पुढचं पुस्तक निवडताना जोडी लावून बघा, म्हणजे दुष्काळावरची कादंबरी वाचली असेल तर पाठोपाठ पाण्यावरचं किंवा शेतीच्या अर्थकारणावरचं माहितीचं पुस्तक घ्या, मुक्तिसंग्रामाचा इतिहास वाचला असेल तर त्याच काळातलं एखाद्या साध्या माणसाचं किंवा बाईचं आत्मकथन घ्या. मग दोन्हींवर एकत्र बोला, एकात जे आहे ते दुसऱ्यात का नाही यावरूनच पाच मिनिटं कशी जातात कळत नाही. वाचनालयात एकाच विषयाची अशी दोन पुस्तकं एकावेळी देत नसतील तर ग्रंथपालांना कारण सांगा आणि मागा, किंवा मित्राच्या नावावर दुसरं काढा.